सत्ताविसावा प्रश्न

“गॅस चालू ठेवून विसरता का कधी?”

“कधीच नाही,” भूपाल चौगुले म्हणाले, आणि त्यांच्या पाठीमागं दूध उतू गेलं.

फस्स झालं, जळका वास सुटला. मी पेन धरून बघत राहिलो. चौगुल्यांनी मान वळवून पातेल्याकडं बघितलं, उठून गॅस बंद केला आणि परत येऊन माझ्यासमोर मांडी घालून बसले.

“पुढचा विचारा मास्तर.”

“चौगुले, आत्ताच दूध गेलं की.”

“ते दूध गेलं. मी कुठं विसरलो? तुम्ही बोलत बसलाय म्हणून गेलं. लिहा, कधीच नाही.”

मी लिहिलं. समोरचा सांगेल ते लिहायचं, एवढंच माझं काम होतं. खरंखोटं करायला मला कुणी ठेवलं नव्हतं.

बावीस वर्षं झाली ह्याला. इचलकरंजीत तेव्हा मी एका इस्पितळाच्या कामावर होतो. पुंडे मॅडम म्हणून डॉक्टर होत्या, त्यांचा अभ्यास चालला होता. डोक्याला मार लागलेली माणसं. ही माणसं बोलतात, चालतात, जेवतात, बाहेरून धडधाकट. पण काम सुरू करणं, सुरू केलेलं पुरं करणं, मनात आलेलं आवरणं, एकामागून एक चार गोष्टी लावणं, हे त्यांचं गेलेलं असतं. ते मोजायला चाळीस प्रश्नांचा कागद होता. कधीच नाही, कधी कधी, नेहमी. तीनातल्या एकावर खूण. मॅडमना माणसांची परीक्षा घ्यायची नव्हती, कागदाचीच घ्यायची होती. माणूस स्वतःबद्दल सांगतो ते कितपत भरवशाचं? म्हणून तोच कागद त्याच माणसाला पंधरा दिवसांनी पुन्हा द्यायचा. उत्तरं तीच आली तर कागद पक्का. हा पांढरा कागद. शिवाय त्याच प्रश्नांचा एक पिवळा कागद घरच्या कुणाकडून तरी भरून घ्यायचा, तोही दोनदा. आणि एक नियम मॅडमनी पहिल्याच दिवशी बोट वर करून सांगितला होता. पिवळा कागद रुग्णाला दाखवायचा नाही. जीव गेला तरी.

कागदावरचं मराठी कुणा शहाण्यानं केलेलं होतं. ‘मला कार्यारंभ करण्यात अडचण अनुभवास येते.’ मी वाचून दाखवल्यावर पहिल्याच म्हाताऱ्यानं विचारलं, “कार्य कुणाच्यात आहे?” मी नववी नापास. बाइंडिंगच्या दुकानात पुस्तकं शिवता शिवता वाचायला शिकलेला. पण चाळीसच्या चाळीस प्रश्न मी दोन दिवसांत माणसांच्या बोलीत आणले. मॅडमनी ते तसेच्या तसे घेतले. कागदावर नाव त्या शहाण्याचंच राहिलं. असो. असो म्हणतोय, पण डोक्यातून गेलेलं नाही.

तर चौगुले. मागाचे जॉबर होते, म्हणजे बिघडलेला यंत्रमाग लावून देणारे. गावात त्यांच्या हाताला मान होता. त्याच्या चार वर्षं आधी सुताचं पोतं घेऊन जाताना स्कूटरवरून पडले ते डोक्यावर. दोन महिन्यांनी घरी आले, सगळे म्हणाले वाचला. त्यानंतर एकही माग त्यांच्या हातून पुरा लागला नाही.

त्यांची खोली बघितली की कागदाची गरजच नव्हती. जमिनीवर वर्तमानपत्रं अंथरलेली. एकावर टेबलफॅन सुटा करून मांडलेला, एकावर रेडिओ, एकावर भिंतीवरचं घड्याळ. प्रत्येक स्क्रू ओळीनं, लहानापासून मोठ्यापर्यंत. सगळं उघडलेलं, एकही परत लावलेलं नाही. कोपऱ्यात खानावळीचे दोन डबे, त्यातला एक कालचा, न उघडलेला. मी पण त्याच खानावळीचा डबा खायचो. डब्यावरच्या तांबड्या रंगावरून ओळखलं. आपण एकटे आहोत हे माणसाला आपल्या खोलीत कळत नाही, दुसऱ्याच्या खोलीत कळतं.

भिंतीपलीकडं कारखाना. खटाखट खटाखट, बोलायचं तर ओरडून बोलायला लागायचं. मधेच चौगुल्यांनी बोट वर केलं.

“ऐकलं? तिसरा माग. धोटा अडतोय. आत्ता बंद पडंल बघा.”

मला काहीच वेगळं ऐकू आलं नव्हतं. पण खरंच, घटकाभरात त्या खटाखटीतला एक ठोका कमी झाला. चौगुले हसले. भिंतीआडच्या मागाचा दोष त्यांना कळत होता. आणि कागदावर चाळीस वेळा कधीच नाही.

“घरचं कोण भरंल?” मी पिवळा कागद काढला.

त्यांचं हसू गेलं. “मंडळी कुरुंदवाडला असतात. भावाकडं. दोन वर्षं झाली.” मग जरा पुढं सरकून म्हणाले, “तुम्ही जाणार तिकडं? मग जरा बघा की मास्तर, कधी येतीय ते. बाकी माझं काही म्हणणं नाही.”

त्रिशला चौगुले कुरुंदवाडला भावाच्या दुकानात साड्यांना फॉल-पिको करायच्या. शिवणयंत्रामागं बसलेली सडसडीत बाई, ओठात टाचण्या. मी कशासाठी आलोय हे सांगितल्यावर एकेक टाचणी काढून उशीत खोचली, मग बोलल्या.

“त्यांनी काय लिहिलं?”

“ते सांगता येत नाही वहिनी.”

“कधीच नाही लिहिलं असंल. सगळ्याला.” माझं तोंड बघून त्यांना कळलं. “मी गॅसला भिऊन आले नाही हो भाऊ. लोक तसं म्हणतात. तीनदा गॅस राहिला, एकदा भाची घरात होती. पण माणूस आजारी आहे, त्याला काय सोडून जायचं? मी समोर उभी राहून म्हणायची, अहो, आत्ता तुमच्याकडून राहिला. तर म्हणायचे, मी नाही, तूच ठेवलास. मलाच वाटायला लागलं, मीच ठेवला असंल. माझंच डोकं फिरायची पाळी आली, तेव्हा निघाले.”

“आता परत...”

“एकदा म्हणू द्या. त्रिशला, माझ्याकडून होतं. एवढंच. दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन येते. हे मी दिगंबर जैन मंदिरात देवासमोर बोललेली बाई आहे.”

मग त्यांनी पिवळा कागद भरला. मान खाली घालून, प्रश्न न वाचता भरावा तसा भराभर. वाचायची गरजच नव्हती. काम अर्धवट सोडतो? नेहमी. गॅस विसरतो? नेहमी. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो? कधी कधी. मधेच एक गिऱ्हाईक आलं, हिरव्या साडीला निळा फॉल लावला म्हणून भांडायला. वहिनी एका हातानं साडी उलगडून दाखवत होत्या, दुसऱ्या हातानं खुणा करत होत्या. पाकीट बंद करून पिशवीत टाकलं, ते दुसऱ्या पांढऱ्या कागदाबरोबरच मॅडमना द्यायचं होतं, आणि मी इचलकरंजीची गाडी धरली.

पंधरा दिवसांनी मी पुन्हा चौगुल्यांच्या दारात. त्यांनी अंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घातला होता. पहिला प्रश्न मी विचारायच्या आधी त्यांनी विचारला.

“काय म्हणाली?”

“सांगता येत नाही.”

“बरं. विचारा तुमचं.”

कधीच नाही. कधीच नाही. कधीच नाही. मागं तोच टेबलफॅन, तोच रेडिओ, तेच घड्याळ, त्याच वर्तमानपत्रांवर, आता वर धूळ. डबे तीन झालेले. बाराव्या प्रश्नाला माझं टाळकं सरकलं. मी तसा तापट माणूस, तेव्हा तर फारच. मला वाटलं, ह्या माणसाला चार शब्दांवर बायको परत मिळते आहे, आणि हा शर्टाला इस्त्री करून खोटं बोलतोय. मला कुणी चार शब्दांवर काही दिलं असतं तर मी चारशे बोललो असतो.

पिशवीतून पाकीट काढलं, फाडलं, आणि पिवळा कागद त्यांच्यापुढं आपटला.

“वाचा. तुम्हाला विचारायचंच होतं ना काय म्हणाली? हे म्हणाली.”

चौगुल्यांनी कागद दोन्ही हातांनी उचलला. आधी नुसतं अक्षर बघितलं, वरती तिनं लिहिलेलं तिचं नाव. मग प्रश्नांवर बोट ठेवून वाचायला लागले. ओठ हलत होते. गॅसच्या प्रश्नाला बोट थांबलं. ते उठले, मागं जाऊन गॅसचं बटण बघून आले, बसले, पुढं वाचायला लागले. मला वाटलं होतं, ओरडतील, कागद फाडतील. मी तयारीत होतो. पण ते तासभर वाचतच राहिले. एका ठिकाणी म्हणाले, “हे खरं.” एका ठिकाणी, “हे तर त्या दिवशीचं, भाचीचं.” एका ठिकाणी नुसती मान खाली घातली.

सत्ताविसाव्याला ते अडले. ‘दुसऱ्याला काय वाटेल ह्याची पर्वा नसते.’ तिथं तिची खूण होती, नेहमी.

“हे नाही हो मास्तर,” ते एकदम बारक्या आवाजात म्हणाले. “बाकी सगळं असंल. पण हे... पर्वा नव्हती होय मला तिची?”

भिंतीपलीकडं माग चालले होते. मग ते म्हणाले, “एक कोरा पांढरा द्या.”

“आत्ताचा आहे ना, अर्धा झालाय.”

“तो फाडा. कोरा द्या.”

कोऱ्या कागदावर त्यांनी स्वतःच्या हातानं, एकेक प्रश्न मोठ्यानं वाचून, एकेक खूण केली. पिवळा कागद त्यांनी उलटा करून बाजूला ठेवला होता, हे मी ह्या डोळ्यांनी बघितलंय. उतरवून काढत नव्हते. दर प्रश्नाला डोळे मिटायचे, आठवायचे, मग खूण. सत्ताविसाव्याला पेन हवेत थांबलं. मग नेहमीवर टेकलं.

“चौगुले, तुम्हाला पटत नाही तर नका करू.”

“ती म्हणती तर असणार. तिनं बघितलंय मला इतकी वर्षं. मी कुठं बघितलंय मला?”

दुपार कलली होती. चाळिसावा प्रश्न झाल्यावर त्यांनी पेनाला टोपण लावलं. अपघातानंतर त्या माणसानं शेवटापर्यंत नेलेलं ते पहिलं काम असावं.

“हा कागद तिला दाखवाल?”

“दाखवतो,” मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी दोन्ही पांढरे कागद शेजारी ठेवले. पहिल्यातल्या खुणा एका टोकाला, दुसऱ्यातल्या दुसऱ्या टोकाला. मॅडम वाईट बाई नव्हत्या. कामाच्या पक्क्या होत्या, आणि मला त्यांनी त्याच आठवड्यात सांगितलं होतं, गुरव, अभ्यास संपला की रेकॉर्डमध्ये कायमचं बघते तुमचं. टेबल, खुर्ची, डोक्यावर पंखा. माझ्या घराण्यात कुणी खुर्चीवर बसून काम केलं नव्हतं.

“पंधरा दिवसांत एवढा फरक? गुरव, तुम्ही ह्यांना काही बोललात? घरच्यांचा कागद दाखवला होता का?”

“नाही मॅडम.”

“पाकीट फाटलेलं दिसतंय.”

“पिशवीत फाटलं मॅडम. गाडीला गर्दी होती.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग पेन्सिलीनं कागदाच्या कोपऱ्यात लिहिलं, ‘भरवशाचा नाही’, आणि तो बाजूच्या गठ्ठ्यावर टाकला. मॅडम जेवायला गेल्यावर मी तो उचलून पिशवीत घातला.

कुरुंदवाडला लगेच जायचं होतं, पण पंचगंगेला पाणी आलं आणि रस्ताच बुडाला. पंधरवडाभर गाड्या बंद. त्या दिवसांत चौगुले दोनदा इस्पितळाच्या फाटकाशी येऊन उभे राहिले. पहिल्यांदा विचारलं, पाणी उतरलं का. दुसऱ्यांदा “घड्याळ लावलं,” एवढंच म्हणाले, आणि मनगट दाखवावं तसं रिकाम्या हाताकडं बघून हसले. “भिंतीवरचं. चालतंय.”

गाड्या सुरू झाल्या त्याच दिवशी मी गेलो. दुकानात चिखलाचा वास होता, भिंतीवर गुडघाभर उंचीची पाण्याची रेघ. वहिनी ओल्या साड्या वाळत घालत होत्या. आधी पिवळा कागद दुसऱ्यांदा भरायचा होता, तो दिला. ह्या वेळी त्यांनी नीट बसून भरला. एका ठिकाणी थांबून मला म्हणाल्या,

“भाऊ, मागच्या वेळी माझी एक चूक झाली. ते निळ्या फॉलवालं गिऱ्हाईक आलं ना, त्या गडबडीत खूण भलत्याच रकान्यात पडली. सत्ताविसाव्याला नेहमी गेलं. तुम्ही गेल्यावर ध्यानात आलं. इतके दिवस मनाला लागून राहिलंय.” त्यांनी कधीच नाहीवर खूण केली, ठसठशीत. “पर्वा नव्हती असं कसं म्हणू? मी चतुर्दशीचा उपास केला की हे पण जेवायचे नाहीत. मी दमून आले की आधी उठून चहा ठेवायचे, आणि विसरायचे. पर्वा होती म्हणून तर गॅस राहायचा.”

चौगुल्यांच्या कागदावर तिथंच ‘नेहमी’ होतं. पण कागद तर पिशवीत होता, आणि तो माणूस घड्याळ लावून बसला होता. मी काढून दिला.

“त्यांनी पाठवलाय. त्यांच्या हातचा आहे.”

पहिल्या दहा-बारा प्रश्नांपर्यंत त्या बाईचा चेहरा मी कधी विसरणार नाही. हात ओला होता तो त्यांनी पदराला पुसला, कागद भिजू नये म्हणून. डोळे भरून आले. गॅसच्या खुणेवर त्यांनी बोट फिरवलं. “केलं मान्य,” भावाला हाक मारणार होत्या, तोंड उघडलंही. मग वाचत वाचत खाली आल्या, आणि बोट थांबलं.

“हे नेहमी कसं?”

मी पिशवीचा बंद आवळला.

“हे खोटं आहे. हे खोटं आहे हे जगात दोघांनाच ठाऊक आहे, मला आणि त्यांना. मी चुकून केलेली खूण त्यांच्या कागदावर कशी आली?” त्यांनी कागद खाली ठेवला. “भाऊ, तुम्ही माझा कागद दाखवला त्यांना?”

तिथं सगळं सांगायचं होतं. दाखवला वहिनी, मी रागानं आपटला त्यांच्यापुढं. त्यांनी तासभर वाचला. मग उलटा ठेवला आणि डोळे मिटून एकेक आठवून लिहिलं. हा एकच प्रश्न त्यांना पटला नव्हता, तो तुमच्या शब्दाखातर मान्य केला. एवढीच वाक्यं. मी पुस्तकं शिवता शिवता हजार पानं वाचलेला माणूस, मला वाक्यांची कधी वाण नव्हती. पण त्यांचा भाऊ आत होता, दुकानात दोन बायका होत्या, बोललेलं इचलकरंजीला पोचायला किती वेळ लागतो? डोक्यात टेबल आलं, खुर्ची आली, पंखा आला.

“नाही,” मी म्हणालो.

वहिनींनी मान हलवली, सावकाश.

“मग पिशवीतून काढला असंल. तुम्ही पाणी प्यायला वळला असाल, तेवढ्यात. बघून उतरवलाय सगळा. प्रश्न वाचलेसुद्धा नाहीत, नाहीतर ह्याला नेहमी केलं नसतं.” त्या रडल्या नाहीत. कागदाची घडी घातली, घडीवर नख फिरवलं आणि माझ्या हातात दिली. “खोटं बोलायचे, ते डोक्याच्या मारामुळं म्हणून मी सोसलं. चोरी कधी केली नव्हती. हे आता नवीन.”

मग ओठात टाचण्या धरल्या, यंत्राकडं वळल्या. टाचण्या ओठात असल्या की त्या बोलत नसत.

संध्याकाळी मी चौगुल्यांच्या गल्लीत गेलो. खिडकी उघडी होती. जमिनीवरची वर्तमानपत्रं गेली होती. फॅन उभा होता, रेडिओ फळीवर. भिंतीवर घड्याळ, बरोबर वेळ दाखवत होतं. दोन कप धुऊन पालथे घातलेले. चौगुले इस्त्रीच्या शर्टात, दाराकडं तोंड करून भिंतीला टेकून बसले होते. शेजारच्या कारखान्यातला एखादा माग बिघडलेला असणार, कारण त्यांचं बोट मधेच वर झालं. पण ऐकलं का, म्हणायला समोर कुणी नव्हतं. बोट तसंच थोडा वेळ हवेत राहिलं.

मी दार वाजवलं नाही. गल्लीच्या तोंडापर्यंत चालत आलो आणि मग पळालो.

मला रेकॉर्डमधली जागा मिळाली. एकवीस वर्षं त्या खुर्चीवर बसलो, पंख्याखाली. चौगुल्यांचं नाव असलेली फाइल एकदा समोर आली होती. मी ती न उघडता फळीवर ठेवली. पुढं त्यांचं काय झालं, हे मला ठाऊक नाही, म्हणजे मी ठाऊक करून घेतलं नाही. घडी घातलेला पांढरा कागद माझ्याकडंच आहे. कोपऱ्यात मॅडमची पेन्सिल अजून वाचता येते. भरवशाचा नाही.

मला एकच प्रश्न दोनदा विचारला होता, पंधरा दिवसांच्या अंतरानं, दोन वेगळ्या बायकांनी. दोन्ही वेळा उत्तर तेच आलं, शब्दाचाही फरक नाही. मॅडमच्या तक्त्यात मला बसवलं असतं, तर माझ्याइतका भरवशाचा माणूस त्या अख्ख्या अभ्यासात निघाला नसता.